टॅटू स्टुडिओच्या भिंतीवर "सरकारमान्य" लिहिलंय, मग तिथं जावं का?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बहीण १९ वर्षांची, तिला मनगटावर छोटा टॅटू आणि कानाच्या वरच्या कडेला, म्हणजे हेलिक्सला, पिअर्सिंग करायचंय. दोन स्टुडिओ बघून झालेत. एकाच्या भिंतीवर "सरकारमान्य" आणि "आयएसओ" अशा फ्रेमा आहेत आणि रेट कमी आहे, दुसऱ्याकडं फ्रेम-बिम काही नाही आणि रेट जवळजवळ दीडपट. आई म्हणते टोचायचंच असेल तर गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आपल्या सोनाराकडं चला. तर सेफ कुठलं, आणि हे सगळं तपासणारं एखादं सरकारी खातं आहे का?

मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत चौदा वर्षं हेच काम करतोय, टॅटू जास्त, पिअर्सिंग कमी, त्यामुळं धंद्यातलाच माणूस बोलतोय हे लक्षात घेऊनच वाचा. तुम्ही लायसन्सचं विचारलंय, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. ज्या धंद्यात सुई कातडीच्या आत जाते त्या धंद्याकडं बाहेरून कुणी फारसं बघत नाही, मग गिऱ्हाइकानं विश्वास ठेवायचा तरी कशावर, ही ती अडचण. दोन स्टुडिओंपैकी कुठला चांगला हे मी इथं बसून सांगू शकत नाही, दोन्ही मी बघितलेले नाहीत. बहिणीची कातडी कशी आहे, जखम झाली की वण फुगून वर येतो का, शुगर आहे का, कुठली गोळी चालू आहे का, यावरही बरंच ठरतं. पण बघायचं काय हे सांगू शकतो.

आधी त्या फ्रेमचं बघू. "सरकारमान्य" म्हणजे बहुतेक वेळा गुमास्ता असतो, म्हणजे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याखालची नोंदणी, आणि कमी माणसांच्या दुकानाला तर त्यात नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. हाच कागद मोबाइल रिपेअरवाल्याकडं असतो, साडीच्या दुकानात असतो, माझ्याकडंही आहे. त्यात दुकान कुणाचं, कुठं, कामाला किती माणसं एवढंच आहे, सुईचा स पण नाही. नाहीतर मग उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं, सर्टिफिकेट असतं, ते घरबसल्या स्वतःच माहिती भरून निघतं. आयएसओचं म्हणाल तर कुठल्या नंबरचं आणि कुणी दिलंय हे विचारा, उत्तर देताना समोरचा अडखळतो का बघा. कोर्सची सर्टिफिकेटं खाजगी अकॅडमीची असतात, त्यातली काही खरंच चांगली शिकवतात आणि काही चार दिवसात फोटो काढून हातात देतात. हे सगळे कागद खरे असतील, खोटे आहेत असं मी म्हणत नाही. फक्त त्यातल्या एकाही कागदासाठी कुणी येऊन तुमच्या दुकानातला कचऱ्याचा डबा उघडून बघितलेला नसतो.

आपल्याकडं फक्त टॅटू आणि पिअर्सिंगसाठी म्हणून देशपातळीवर वेगळा कायदा नाही. गंमत म्हणजे सरकारी कागदात टॅटू शोधायचा तर तो रक्तदानाच्या फॉर्मवर सापडतो, टॅटू किंवा टोचून घेतलं असेल तर १२ महिने रक्त देता येत नाही. म्हणजे यात रक्तातून रोग जाऊ शकतो हे सरकारला नीट माहितीये, रक्तपेढीच्या दारात ते तुम्हाला थांबवतं, पण स्टुडिओच्या दारात कुणी उभं नाही. बाहेर काय चालतं तेही सांगतो, म्हणजे फरक कळेल. इंग्लंडमध्ये १९८२ च्या कायद्यापासून टॅटूवाल्याला आणि त्याच्या जागेला स्थानिक कौन्सिलकडं नोंदणी लागते, आणि १८ च्या आतल्याला टॅटू करणं १९६९ पासूनच गुन्हा आहे. वेल्सनं २०१७ ला कायदा केला आणि २९ नोव्हेंबर २०२४ पासून कारागिराला वेगळं लायसन्स आणि जागेला वेगळी मान्यता सक्तीची झाली, त्यासाठी इन्फेक्शन कंट्रोलचा कोर्स पास व्हावा लागतो. युरोपियन युनियननं जानेवारी २०२२ पासून शाईतल्या चार हजारांवर रसायनांवर बंदी किंवा मर्यादा घातली. तसं लायसन्स भिंतीवर असेल तर फ्रेमला किंमत आहे.

एक नियम मात्र आपल्याकडंही आहे आणि तो आमच्या धंद्यात फार कमी लोकांना माहीत असतो, २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम. त्यात वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची आणि तो डबा कचरा उचलणाऱ्या अधिकृत एजन्सीकडं द्यायचा. टॅटूवाल्याचं नाव घेऊन त्यात काही लिहिलेलं नाही, पण सुईला थोडंच कळतं आपण दवाखान्यात आहोत की स्टुडिओत. मी सुरुवातीला एजन्सीकडं नाव घालायला गेलो तेव्हा फॉर्मवर हॉस्पिटल, क्लिनिक, लॅब असे रकाने होते, माझा रकानाच नव्हता. तिथला माणूस म्हणाला, साहेब तुम्ही डॉक्टर आहे का, मी म्हटलं न्हाई, मग कशाला येताय इकडं? तीन खेपा घातल्या तेव्हा काम झालं. म्हणून कुठल्याही स्टुडिओत गेलात तर हा एक प्रश्न नक्की विचारा, "वापरलेल्या सुया कुठं टाकता?" जो माणूस उठून डबा दाखवतो त्याच्याकडं अर्धं काम झालं समजा. जो म्हणतो "त्याचं बघतो आम्ही", त्याच्या सुया महापालिकेच्या घंटागाडीत जातात आणि कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात घुसतात.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण सगळ्यात मोठा धडा मला तिथं मिळाला. दुकान टाकून दीडेक वर्ष झालं असेल. माझी वहिनी नर्स आहे, ती एकदा दुकान बघायला आली आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगायला लागलो की सगळं डिस्पोजेबल, नवी सुई, नवे ग्लोव्हज, आपल्यात टेन्शन नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावजी, देवाजवळ जोतिबाचा गुलाल असेल बघा, आणा जरा." माझ्या ग्लोव्हजच्या बोटांना तिनं गुलाल लावला, म्हणाली समजा हे रक्त आहे, आता रोज करता तसं काम करा. मी प्रॅक्टिसच्या खोट्या कातडीवर वीस मिनिटं काम केलं. नंतर दोघांनी मिळून बघितलं तर गुलाल मशीनच्या वायरीवर, पॉवर सप्लायच्या बटणावर, लाइटच्या दांड्यावर, साबणाच्या स्प्रे बाटलीवर, टिश्यूच्या रोलवर, ड्रॉवरच्या कडीवर, मोबाइलच्या स्क्रीनवर आणि माझ्या कानामागं, कारण मधेच चष्मा सारखा केला होता. सुई कोरी करकरीत होती, तिच्यात काही खोट नव्हती. वहिनी जास्त काही बोलली नाही, एवढंच विचारलं, "उद्या पहिलं गिऱ्हाईक किती वाजता येणाराय?"

त्या रात्री मला झोप नव्हती. गुलाल दिसतो म्हणून कळलं, रक्ताचा सुकलेला बारीक डाग दिसत पण नाही, आणि हिपॅटायटिस बी चा व्हायरस शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात कमीत कमी सात दिवस जिवंत राहतो. लोक एचआयव्हीला घाबरतात, घाबरावंच, पण आकडे बघा. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना रोग्याची वापरलेली सुई टोचली तर एचआयव्ही लागायचं प्रमाण साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस सी चं १.८ च्या आसपास आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी चं ६ पासून ३० टक्क्यांपर्यंत. टॅटूची सुई आणि इंजेक्शनची पोकळ सुई एक नाही, त्यामुळं हे आकडे जसेच्या तसे आम्हाला लागू होत नाहीत, पण कुठल्या गोष्टीची भीती किती बाळगायची त्याचा अंदाज येतो. आणि बी ला लस आहे, तीन डोस, आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. माझी आणि माझ्याकडच्या पोरांची झालीय. तुमच्या बहिणीच्या वयाच्या सगळ्यांनाच लहानपणी ती मिळाली असेल असं नाही, घरात लसीचं कार्ड असेल तर काढून बघा.

म्हणून स्टुडिओत गेल्यावर भिंत बघू नका, दुसऱ्या कुणाचं काम चालू असेल तर दहा मिनिटं गप बसून त्याचे हात बघा. ग्लोव्हज घातलेल्या हातानं मोबाइल घेतो का, ड्रॉवर उघडतो का, पैसे घेतो का, चहाचा ग्लास उचलतो का. मशीन, वायर, बाटली, लाइटचा दांडा, खुर्चीचा हात यावर प्लॅस्टिकचं कव्हर किंवा क्लिंग फिल्म आहे का आणि गिऱ्हाईक उठलं की ती काढून टाकतो का. मी आता लागणारं सगळं सामान ग्लोव्हज घालायच्या आधी ट्रेवर काढून घेतो, मधेच काही लागलं तर ग्लोव्हज काढून, हात धुऊन, नवीन घालतो, एका बसणीला पाच-सहा जोड्या जातात. मोबाइल बाहेरच्या खोलीत. दीडपट रेटमधला काही भाग इथं जातो. अर्थात महाग म्हणजे स्वच्छ असंही नाही, एसी आणि झुंबराला पण पैसे लागतातच की.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, हे आता बहुतेक सगळे करतात. पण पाकिटावरची एक्स्पायरी तारीख वाचा, ते कुठं फाटलंय का बघा. आणखी एक चलाखी असते, सुई नवी आणि ज्या नळीतून ती जाते ती ट्यूब किंवा ग्रिप कालचीच. कार्ट्रिज, म्हणजे सुई आणि नळी एकत्र असलेला तयार भाग, असेल तर चांगल्या कार्ट्रिजमध्ये आत एक रबरी पडदा असतो, तो रक्त आणि शाई मागं मशीनमध्ये जाऊ देत नाही, स्वस्तातल्या मालात तो नसतोच. मशीन तर बदलत नाही कुणी, त्यामुळं मागं गेलेलं रक्त पुढच्या माणसाला भेटायला तिथंच थांबलेलं असतं.

शाईबद्दल लोक विचारतच नाहीत. बाटलीतून एकेका माणसासाठी छोट्या कपात शाई काढायची आणि उरलेली फेकायची, परत बाटलीत ओतायची नाही. मी ज्या दुकानात शिकलो, ते कोल्हापुरातलं नव्हे, तिथं ओतायचे, आणि मला तेव्हा ती काटकसर वाटायची. शाई पातळ करायला पाणी कुठलं वापरता हेही विचारा. नळाचं नको आणि बिसलेरी पण नको. २०११ च्या शेवटी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला एकाच आर्टिस्टच्या १९ गिऱ्हाइकांना पुरळ उठलं, क्षयाच्या जंतूच्या लांबच्या भावकीतला एक जंतू निघाला, आणि तो आलेला कंपनीतूनच तयार ग्रे शाईत, जी पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर वापरलं होतं. त्या आर्टिस्टनं नवी सुई वापरली असली तरी उपयोग नव्हता. डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे, निर्जंतुक पाणी वेगळं मिळतं, मेडिकलमध्ये, सीलबंद. आपल्या शेजारी कर्नाटकात २०२५ मध्ये तिथल्या आरोग्य खात्यानं शाईचे नमुने तपासल्यावर २२ धातू सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या, तेव्हा बेळगावकडची गिऱ्हाइकं मला बाटल्या दाखवा म्हणायला लागली. मला तर बरं वाटलं. बाटलीवर कंपनी, बॅच नंबर, एक्स्पायरी नसेल तर सरळ उठा. "ऑरगॅनिक", "हर्बल" असल्या शब्दांना भुलू नका, आर्सेनिक पण निसर्गातच मिळतं.

निळा लाइट असलेली पेटी दाखवून "हे आमचं स्टरलायझर" म्हणणारे पुष्कळ आहेत. ती यूव्हीची पेटी, पार्लरमध्ये कंगवे ठेवायला ठीक. ज्या बाजूवर उजेड पडतो तिथलं थोडंफार मरतं, सावलीतलं तसंच राहतं. डेटॉलमध्ये बुडवणं, स्पिरिटनं पुसणं, उकळणं यातलं काहीच पुरत नाही, जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. लागतो तो ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र, १२१ डिग्री, १५ पौंड दाब, १५ ते ३० मिनिटं, किंवा १३४ डिग्रीला कमी वेळ. एकानं मला विचारलेलं, दादा मग घरचा कुकर चालेल का? तत्त्व तेच आहे, पण आतली हवा पूर्ण बाहेर गेली का आणि तेवढा वेळ तेवढं टेंपरेचर राहिलं का हे कुकर सांगत नाही, तो नुसती शिट्टी मारतो. पाकिटावरची पट्टी रंग बदलते ती पण फक्त गरम झालं एवढंच सांगते. जंतू मेले का हे बघायला स्पोर टेस्ट, म्हणजे बीजाणूंची चाचणी, असते, मी महिन्यातून एकदा करतो. माझं टॅटूचं सगळं डिस्पोजेबलच आहे, ऑटोक्लेव्ह लागतो पिअर्सिंगचे चिमटे आणि दागिना यासाठी.

आता आईंच्या सोनाराकडं येऊ. मी सोनारांना नावं ठेवणार नाही, माझे स्वतःचे कान गुजरीतच टोचलेत आणि माझ्या पोरीचे पण. कानाची पाळी म्हणजे नुसतं मांस, तिथं रक्तपुरवठा चांगला, सोन्याची तार, हात सराईत, सहा-आठ आठवड्यात बरं होतं. तिथंही तार नवी आहे का, आधी दुसऱ्या बाळाच्या कानातून काढलेली नाही ना, आणि त्यांनी हात धुतलेत का एवढं विचारायचं, लाजायचं नाही. पण हेलिक्स म्हणजे कूर्चा, तिथं रक्तपुरवठा जवळजवळ नाही, त्यामुळं एकदा जंतू आत गेला की औषध तिथवर नीट पोचत नाही आणि कान सुजून चुरगळलेल्या कागदासारखा होतो, तो परत सरळ होत नाही. बरं व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. म्हणून कूर्चेला सोनाराची तार नको आणि मॉलमधली ती गन तर मुळीच नको, ती बोथट खडा दाबून घुसवते, कूर्चा फाटते, आणि प्लॅस्टिकची असल्यानं ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही, वितळेल. तिथं पोकळ, एकदाच वापरायची सुई लागते.

दागिना टायटॅनियमचा, इम्प्लांट ग्रेड मागा, त्याचा नंबर एफ-१३६ असतो. चांगलं सोनं पण चालतं. इमिटेशन नको, त्यात निकेल असतं, कान खाजत राहतो आणि लोक त्याला पिकला म्हणतात. चांदी पण नको, हुपरीची चांदी कितीही भारी असली तरी ताज्या भोकात ती काळी पडते आणि कातडीत डाग राहू शकतो, बरं झाल्यावर खुशाल घाला. सुरुवातीची दांडी जरा लांब बसवतात, सूज येते म्हणून, सूज उतरली की आखूड बदलून घ्यायला परत बोलावतात का ते बघा. जो परत बोलावत नाही त्याला पिअर्सिंग येत नाही, टोचता येतं.

जत्रेतल्या टॅटूबद्दल तुम्ही विचारलं नाही पण तेही सांगतो. प्लॅस्टिकचं स्टूल, बॅटरीवरची मशीन, शंभर रुपयात नाव, आणि रांगेत वीस पोरं, सुई एकच. आमच्या आजीच्या कपाळावरचं गोंदण पण एकाच सुईनं अख्ख्या गल्लीला झालेलं, पण तेव्हा कुणाला काही झालं तर ते कशानं झालं हे कळायची सोयच नव्हती. तसलं करून बसला असाल आणि ७२ तास झाले नसतील तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना स्पष्ट सांगा, एचआयव्ही रोखायची औषधं द्यायची का ते तेच ठरवतील, पण ती ७२ तासांच्या आतच उपयोगाची. वेळ गेली असेल तरी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी अशा तिन्ही तपासण्या करा आणि तीन महिन्यांनी परत करा, कारण लगेच केलेल्या तपासणीत दिसत नाही. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी फुकट आहे आणि हिपॅटायटिसचा २०१८ पासूनचा राष्ट्रीय कार्यक्रमही मोफत आहे. हिपॅटायटिस सी ला लस नाही पण आता तो गोळ्यांनी बरा होतो, बहुतेकांचा तीन महिन्यात, त्यामुळं घाबरून तपासणी टाळू नका.

काही बिघडलंच तर तक्रार कुठं? महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी द्या, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, कारण तुम्ही पैसे देऊन सेवा घेतलीय. पण त्यासाठी बिल लागतं, म्हणून जीपे केलं तरी बिल मागा. रोजचे फोटो काढा आणि सुईच्या, शाईच्या बॅच नंबरचा फोटो पण काढून ठेवा. मी संमतीच्या फॉर्मवर बॅच नंबर लिहितो, वयाचा पुरावा बघतो, आणि १८ च्या आतल्याला आईबापांना घेऊन आला तरी टॅटू करत नाही, यात माझी बरीच गिऱ्हाइकं गेलीत, जाऊदेत.

थोडक्यात तुमच्यापुरतं सांगायचं तर फ्रेम विसरा, दोन्हीकडं जाऊन दहा मिनिटं हात बघा, सुयांचा डबा आणि शाईची बाटली दाखवायला सांगा, जो चिडला नाही त्याच्याकडं टॅटू करा. हेलिक्स सोनाराकडं नको. दोन्ही एका दिवशी पण नको, आधी टॅटू, तो वाळला की महिन्यानं कान, म्हणजे काही सुजलं तर कशानं सुजलं ते कळेल.

टॅटूनंतर दोनतीन आठवडे रंकाळा, पंचगंगा, विहीर, स्विमिंग टँक काही नाही. माझ्याकडं एक पैलवान आला होता, दंडावर हनुमान काढून घेतला आणि चौथ्या दिवशी तालमीत उतरला. तांबडी माती, त्यात तेल, ताक, हळद, आणि ती माती घासली उघड्या जखमेवर. पंधरा दिवस अँटिबायोटिक खाल्ली आणि हनुमानाची अर्धी शेपटी गेली. चूक माझीच, मी पाण्याचं सांगितलेलं, मातीचं सांगायचं डोक्यातच आलं नाही. आता फॉर्मवर तालीम म्हणून वेगळी ओळ आहे.

आणि बहिणीला पोटभर जेवून पाठवा, उपाशी आलेली पोरं खुर्चीतच डोळे फिरवतात. सोबत चार मैत्रिणी नकोत, एकीच्या ओरडण्यानं बाकीच्या घाबरतात. तुम्ही स्वतः जा, म्हणजे हात बघायला कुणीतरी मोकळं असेल.